आदेम याशारी: नाव, गाव आणि मार्च १९९८ चे तीन दिवस

घाटमाथा

बाल्कनवरच्या लेखमालेचा पुढचा भाग कोसोव्होवर आहे आणि तो आदेम याशारी या सर्बियन राजवटीविरुद्ध लढलेल्या अल्बेनियन बंडखोराभोवती गुंफायचा आहे. तेव्हा कोसोव्हो सर्बियाचा प्रांत होता, बहुसंख्य लोक अल्बेनियन. वाचन बरंच झालंय, पण काही गाठी सुटत नाहीत. मराठीत त्याचं नाव कुठे जशारी, कुठे जाशारी, कुठे याशारी असं छापलेलं दिसतं. गावाचं नावही प्रत्येक नकाशात वेगळं. काही ठिकाणी त्याला कोसोव्हो मुक्ती सेनेचा संस्थापक म्हटलंय, काही ठिकाणी नुसता एका भागाचा कमांडर. मार्च १९९८ मध्ये सर्बियन पोलिसांनी त्याच्या घरावर केलेल्या हल्ल्यात किती माणसं गेली याचे आकडेही जुळत नाहीत. आणि मुख्य प्रश्न असा की इतका मुरलेला गनिमी लढवय्या बायकामुलांसह घरातच का थांबला? डोंगरात का गेला नाही? सर्बियन बाजू काय म्हणते तेही हवं आहे, कारण एकाच बाजूचं लिहून मोकळं व्हायचं नाही. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

नकाशावाचक

नावापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक झाली की पुढचा सगळा शोध चुकतो.

अल्बेनियनमध्ये रोमन लिपीतल्या जे या अक्षराचा उच्चार 'य' होतो. म्हणून याशारी. 'जशारी' ही इंग्रजी वाचनाची चूक. बाकीची अक्षरंही मराठी माणसाला फार जड जाऊ नयेत, कारण आपल्याकडे दोन च आहेत आणि अल्बेनियनमध्येही ते वेगळे लिहितात. साधा सी म्हणजे 'चाक'मधला च, शेपटीवाला सी म्हणजे 'चहा'मधला च. म्हणजे याशारीचा प्रदेश 'द्रेनिचा', त्यातला च चाकाचा. देवनागरीत हा फरक दिसत नाही, म्हणून छापताना 'द्रेनित्सा' लिहिणं बरं. क्यूचा उच्चार चहातल्या च च्या जवळ जातो. ई वर दोन टिंबं असली की तो आपला 'अ'. त्याच्या भावाचं नाव 'हामझ' लिहा, 'हामेझ' नको.

दुसरी अडचण अशी की अल्बेनियन नामांना निश्चित आणि अनिश्चित अशी दोन रूपं असतात. एकाच लेखात प्रिश्तिना आणि प्रिश्तिन, प्रेकाझ आणि प्रेकाझी दिसतील. ती दोन गावं नाहीत.

तिसरी अडचण सर्बियन नावांची. प्रत्येक ठिकाणाला दोन नावं आहेत. याशारीचं गाव अल्बेनियनमध्ये खालचं प्रेकाझ, सर्बियनमध्ये दोन्ये प्रेकाझे. तालुक्याचं ठिकाण अल्बेनियनमध्ये स्केंदेराय, सर्बियनमध्ये स्र्बित्सा. ही दोन नावं नीट पाहा. एकात पंधराव्या शतकातला अल्बेनियन वीर स्कंदरबेग आहे, दुसऱ्यात सर्ब. १९९८ च्या बातम्यांत आणि मानवाधिकार संस्थांच्या तेव्हाच्या अहवालांत बहुतेक सर्बियन नावंच आहेत, कारण अधिकृत नकाशे त्या भाषेत होते. त्यामुळे अहवाल शोधताना सर्बियन नावाने शोधा, लेखात अल्बेनियन वापरा आणि पहिल्या उल्लेखात दोन्ही द्या. लेखात दोन्ही नावं सरमिसळ आली तर वाचकाला वाटतं की चार गावांवर हल्ला झाला.

द्रेनित्सा म्हणजे कोसोव्होच्या मधोमध असलेला टेकड्यांचा आणि ओकच्या रानांचा प्रदेश. पूर्वेला चिचावित्सा डोंगर, मुख्य गावं स्केंदेराय आणि ग्लोगोत्स. प्रिश्तिनापासून प्रेकाझ साधारण ५० किलोमीटर. अल्बेनियाची सीमा मात्र लांब, मध्ये पश्चिम कोसोव्होतलं दुकाजिनचं अख्खं मैदान. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सह्यकडा

आता क्रम. तारखा एकाखाली एक ठेवल्या की अर्ध्या गाठी आपोआप सुटतात.

जन्म २८ नोव्हेंबर १९५५. ही तारीख अल्बेनियन माणसाला सांगावी लागत नाही, तो त्यांचा झेंडादिन. १९१२ मध्ये याच दिवशी व्लोरा इथे अल्बेनियाचं स्वातंत्र्य जाहीर झालं. वडील शाबान शिक्षक. आदेमपेक्षा मोठा भाऊ हामझ त्याचा उजवा हात. आणखी एक भाऊ रिफात जर्मनीत होता, म्हणून वाचला.

मे १९८१ मध्ये याच प्रेकाझमध्ये ताहिर मेहा हा गावकरी आणि त्याचे वडील नेबिह यांना युगोस्लाव्ह पोलिसांनी घरात वेढलं. दोघेही लढता लढता मेले. आदेम तेव्हा पंचविशीत होता. लेखात हा प्रसंग घ्याच. सतरा वर्षांनी जे घडलं त्याचा आराखडा गावाने आधीच पाहिलेला होता.

मार्च १९८९ मध्ये सर्बियाचा नेता मिलोशेविच याच्या राजवटीत कोसोव्होची १९७४ च्या घटनेने दिलेली स्वायत्तता काढून घेतली गेली. पुढच्या वर्षी विधानसभा बरखास्त झाली आणि अल्बेनियन शिक्षक, डॉक्टर, कामगार नोकऱ्यांवरून काढले गेले. कोसोव्होतल्या अल्बेनियनांचे नेते इब्राहिम रुगोवा यांचा पक्ष अहिंसेच्या मार्गाने गेला. घराघरांत शाळा भरू लागल्या, कर गोळा करून समांतर कारभार सुरू झाला. याशारी या वाटेने गेला नाही. १९९१ मध्ये तो काही साथीदारांसह अल्बेनियात लष्करी प्रशिक्षण घेऊन आला. ३० डिसेंबर १९९१ रोजी पोलिसांनी त्याचं घर वेढलं, तेव्हा आसपासच्या गावांतली माणसं हत्यारं घेऊन रस्त्यावर आली आणि पोलिसांना मागे फिरावं लागलं. घर राखता येतं हा धडा इथे पक्का झाला असावा, असं मला वाटतं.

'संस्थापक' या शब्दाबद्दल. मुक्ती सेना एका माणसाने एका दिवशी काढलेली नाही. १९९० नंतर तीन धागे हळूहळू जुळले. एक, स्वित्झर्लंड आणि जर्मनीतल्या स्थलांतरितांमधली डावी, राष्ट्रवादी संघटना 'कोसोव्हो लोकचळवळ'. दोन, द्रेनित्सातला याशारींचा सशस्त्र गट. तीन, उत्तरेकडच्या ल्यापमधला झाहिर पायाझितीचा गट. पायाझिती ३१ जानेवारी १९९७ रोजी दोन साथीदारांसह पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. तेव्हा 'संस्थापकांपैकी एक' असं लिहिलं तर बरोबर. 'सरसेनापती' लिहाल तर चूक, कारण याशारी जिवंत असेपर्यंत असं एकहाती पद अस्तित्वातच नव्हतं. 'कोमान्दान्ती लेजेन्दार', म्हणजे दंतकथेतला कमांडर, ही पदवी मरणोत्तर आहे.

जुलै १९९७ मध्ये प्रिश्तिनाच्या न्यायालयाने पोलिसांवरच्या हल्ल्यांसाठी त्याच्या गैरहजेरीत त्याला २० वर्षांची शिक्षा सुनावली. त्या खटल्याच्या पद्धतीवर मानवाधिकार संस्थांनी तेव्हाच आक्षेप घेतले होते. सेनेचे लोक पहिल्यांदा उघडपणे गणवेशात दिसले २८ नोव्हेंबर १९९७ ला, ल्याउशा गावात, हालित गेत्सी या शिक्षकाच्या अंत्ययात्रेत. पुन्हा तीच तारीख.

मग १९९८. २२ जानेवारीला पोलिसांनी प्रेकाझच्या घरावर हल्ला केला आणि हात हलवत परतावं लागलं. २८ फेब्रुवारीला लिकोशानजवळ चकमकीत ४ पोलीस ठार झाले. त्यानंतर लिकोशान आणि चिरेझ या दोन गावांत २० हून अधिक अल्बेनियन मारले गेले, त्यात घरातून बाहेर काढलेले पुरुष होते. ५ मार्चला पहाटे प्रेकाझ.

घाटमाथा

झक्कास. ५ ते ७ मार्चचं थोडं जवळून सांगाल का? आणि आकडे?

सह्यकडा

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. याशारींचं घर म्हणजे एक इमारत नव्हे. एका कुंपणात तीन भावांची, त्यांच्या आईबापांची, मुलांसुनांची लाल विटांची घरं, मोठं अंगण, गोठे. अल्बेनियन खेड्यांत एकत्र कुटुंब असंच राहतं. जवळच दारूगोळ्याचा सरकारी कारखाना. हा कारखाना फार महत्त्वाचा आहे, कारण सरकारी फौजेला तळ, साठा आणि तोफांची जागा हे सगळं तिथे आयतं मिळालं. सैन्य दूरवरून आणताना गावोगाव बातमी फुटते. इथे तसं झालं नाही. १९९१ साली जशी शेजारची गावं धावून आली तशी यावेळी येऊ शकली नाहीत, कारण वाटा आधीच रोखल्या होत्या आणि समोर रायफलवाले पोलीस नव्हते, चिलखती गाड्या आणि तोफा होत्या.

विशेष पोलीस दलांनी पहाटे वेढा घातला. शेजारच्या लुश्ताकू घराण्याच्या घरांवरही मारा झाला. तोफा आणि उखळी तोफांनी भिंती फोडत फोडत पुढे सरकायचं, अशी पद्धत होती. विटांची भिंत रायफलची गोळी अडवते, तोफगोळा अडवत नाही. बाहेरच्या खोलीची भिंत पडली की माणसं आतल्या खोलीत सरकतात, तिथलं छत कोसळलं की पळायला जागा उरत नाही. घरातली बहुतेक माणसं अशीच गेली. हामझची अकरा वर्षांची मुलगी तेवढी त्या घरातून जिवंत निघाली. ती पाव करायच्या दगडी फळीखाली लपली होती. तिच्या साक्षीतून पुढे घरातले शेवटचे तास जगाला कळले.

आदेम, हामझ, वडील शाबान, आई, आदेमची बायको, मुलं, पुतणे, पुतण्या. आदेमच्या किशोरवयीन मुलाचं नाव कुश्त्रिम. अल्बेनियनमध्ये कुश्त्रिम म्हणजे गावोगाव दिली जाणारी रणहाक. हे नाव त्या घराने मुलाला जन्मत:च दिलं होतं.

आकड्यांचा घोळ असा. घराण्यातले सुमारे २०, आणि गावातले, नात्यातले मिळून एकूण ५० च्या वर. ह्यूमन राइट्स वॉचने दिलेला आकडा ५८, त्यात १८ स्त्रिया आणि १६ वर्षांपर्यंतची १० मुलं. कोसोव्होत ५९ हुतात्मे म्हणतात. लेखात '५८ (कोसोव्होतल्या गणतीनुसार ५९)' असं लिहा. 'याशारी घराण्यातले ५८' असं मात्र लिहू नका, ती नेहमीची चूक आहे.

प्रेतं आधी स्केंदेरायबाहेरच्या एका गोदामात आणून ठेवली होती. नातेवाइकांनी स्वतंत्र शवविच्छेदनाचा आग्रह धरला. पोलिसांनी तो मानला नाही आणि १० मार्चला यंत्राने खड्डे खणून सगळ्यांना पुरून टाकलं. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी माती उकरून प्रेतं काढली आणि काबाच्या दिशेने तोंड करून पुन्हा दफन केली. शवविच्छेदन न झाल्याने कोण जवळून मारलं गेलं आणि कोण भिंतीखाली, याचा पुरावा त्या मातीतच राहिला. पुढच्या अनेक वादांचं मूळ इथे आहे.

तिसरा प्रहर

मूळ प्रश्नाकडे येतो: घर का सोडलं नाही.

गनिमी काव्याचा पहिला नियम आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. शत्रू जड आला की जागा सोडायची, तो थकला की परत यायचं. याशारीने नेमकं उलट केलं. जानेवारीत हल्ला झाला होता, लिकोशान झालं होतं, पुढचा नंबर आपला हे त्याला कळत नसेल असं म्हणणं म्हणजे त्याला भाबडा ठरवणं. बायकामुलं पाहुण्यांकडे पाठवून रानात जाता आलं असतं. माझ्या मते ही लष्करी चूक होती, आणि ती चूक म्हणूनच लिहावी. तिच्यातून राष्ट्र उभं राहिलं हे खरं, पण त्यामुळे ती युद्धशास्त्रात बरोबर ठरत नाही.

दुसरं, मुलांचा प्रश्न झाकू नका. सर्बियन सरकारचं म्हणणं होतं की शरण येण्यासाठी दोन तास दिले होते, काही माणसं बाहेरही आली आणि आदेमने उरलेल्यांना ढाल केलं. हे म्हणणं नोंदवा. त्याच्या शेजारी हेही नोंदवा की ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मते त्या कारवाईत अटक करण्याचा हेतू दिसत नव्हता. घरात मुलं आहेत हे ठाऊक असताना भिंती तोफांनी फोडणाऱ्याची जबाबदारी, आत लढणारा माणूस कसाही असला तरी, कमी होत नाही. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत.

जुनी पानं

तिसरा प्रहर, तुमच्या पहिल्या मुद्द्याशी मी सहमत नाही. द्रेनित्साचा आधीचा इतिहास पाहिल्याशिवाय ते घर समजत नाही.

तिथे 'काचाक' नावाची परंपरा आहे. शब्द तुर्की, अर्थ पळालेला, फरारी. ऑटोमन काळात कर आणि लष्करभरती चुकवून डोंगरात जाणारे ते काचाक. पहिल्या महायुद्धानंतर कोसोव्हो सर्ब-क्रोएट-स्लोव्हेन राज्यात गेलं तेव्हा हाच शब्द बंडखोरांना लागला. त्यांचा मोठा नेता आझेम गालित्सा, तोही द्रेनित्साचाच. १९१९ च्या उठावात हजारो माणसं त्याच्यामागे होती. मागण्या पाहा: कोसोव्होला स्वशासन, शाळांत आणि कारभारात अल्बेनियन भाषा, जमिनी हिसकावणं बंद, आणि बंडखोरांच्या डांबून ठेवलेल्या कुटुंबांची सुटका.

शेवटच्या मागणीवर बोट ठेवा. काचाक रानात गेला की सरकार त्याच्या बायकामुलांना उचलून छावणीत टाकायचं, घर जाळायचं. म्हणजे पुरुषाने घर सोडलं म्हणून घर वाचलं, असा त्या प्रदेशाचा अनुभवच नाही. याशारीच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने हे सगळं भोगलं होतं. 'पाहुण्यांकडे पाठवायचं' म्हटलं तर कुणाकडे? ज्याच्या घरी ते जातील त्याचं घर पुढचं लक्ष्य. अल्बेनियन रूढीत, म्हणजे 'कानुन' या परंपरागत नियमांत, पाहुण्याचं रक्षण करणं यजमानाच्या प्राणांहून मोठं मानलं जातं. पाहुणा पाठवणं म्हणजे यजमानाचं मरण पाठवणं.

आझेमची बायको शोता गालित्सा हिच्यावर तर वेगळा लेख होईल. ती नवऱ्याच्या बरोबरीने पुरुषी पोशाखात लढली. जुलै १९२४ मध्ये आझेम जखमांनी गेला, त्यानंतर तिने टोळी सांभाळली, आणि १९२७ मध्ये अल्बेनियात फुश-क्रुया इथे गरिबीत मेली. ज्या अल्बेनियासाठी लढली त्याच्या सरकारने तिला विचारलं नाही. अहमेत झोगूच्या राजवटीला कोसोव्होचे बंडखोर नको होते, बेलग्रेडशी संबंध सांभाळायचे होते. अल्बेनिया एकमुखाने कोसोव्होच्या पाठीशी होता, असं सरसकट वाक्य लेखात आलं तर ते १९२० च्या दशकाला लागू पडत नाही.

त्यानंतर १९४५ च्या सुरुवातीला शाबान पोलुझा. त्याची माणसं द्रेनित्सा सोडून उत्तरेच्या आघाडीवर जावीत असा पार्टिझानांचा, म्हणजे टिटोच्या कम्युनिस्ट फौजेचा, हुकूम आला. गावात मागे अत्याचार चालले असताना घरं उघडी टाकून आम्ही जाणार नाही, असं म्हणून तो उलटला आणि फेब्रुवारीत मारला गेला. गालित्सा, पोलुझा, मेहा, याशारी. चौघांच्याही गोष्टीत घर सोडायचं की नाही हाच प्रश्न मध्यभागी आहे.

तिसरा प्रहर

पोलुझाचा दाखला मान्य. कुटुंबं डांबण्याचा मुद्दाही माझ्या हिशेबात नव्हता. तरी जानेवारी ते मार्च हे सहा आठवडे हाती होते आणि निदान लहान मुलं अल्बेनियात किंवा जर्मनीत भावाकडे धाडता आली असती, एवढं म्हणणं मी ठेवतो.

सह्यकडा

सीमा लांब, वाटेत चौक्या, आणि हिवाळ्यात सीमेवरच्या 'शापित पर्वतां'त बर्फ. लहान मुलांना घेऊन ती वाट फेब्रुवारीत शक्य नव्हती. बसने उघडपणे जायचं तर आडनावच पुरे होतं. पण विचारायला हवाच असा प्रश्न आहे, एवढं मान्य.

नकाशावाचक

हत्यारांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लेखात याची गरज आहे, नाहीतर १९९७ पर्यंत तुरळक हल्ले करणारी सेना १९९८ मध्ये अचानक एवढी कशी फुगली ते कळत नाही.

१९९७ च्या सुरुवातीला अल्बेनियातल्या दामदुपटीच्या ठेव योजना एकापाठोपाठ बुडाल्या. लोकांची आयुष्यभराची कमाई गेली, दंगे पेटले, मार्चमध्ये लष्कराची कोठारं फोडली गेली आणि ५ लाखांहून जास्त हत्यारं लोकांच्या हाती गेली. कलाश्निकोव्ह कवडीमोलाने विकली जाऊ लागली. पैसा स्वित्झर्लंड, जर्मनी आणि अमेरिकेतल्या स्थलांतरितांकडून येत होता. त्या निधीचं नाव 'वेंदलिन्द्या थरेत', म्हणजे 'मायभूमी साद घालते'. उत्तर अल्बेनियातला त्रोपोया हा तळ. तिथून खेचरांवर आणि माणसांच्या पाठीवर माल डोंगर ओलांडून कोसोव्होतल्या युनिकच्या बाजूला उतरायचा.

अडचणी कुठे यायच्या? पहिली, डोंगर उतरल्यावर दुकाजिनचं उघडं मैदान पार करून द्रेनित्सा गाठायचं. रायफली यायच्या, पण चिलखती गाडी फोडणारी हत्यारं आणि त्यांचा दारूगोळा जड, म्हणून तो कमी यायचा. प्रेकाझमध्ये नेमकं तेच कमी पडलं. दुसरी, सीमेवर दबा धरून बसलेलं युगोस्लाव्ह सैन्य. डिसेंबर १९९८ मध्ये अशाच एका तुकडीतले तीसच्या वर लोक सीमेवर मारले गेले. तिसरी, आपसातली फूट. रुगोवांच्या बाजूच्या निर्वासित सरकारची वेगळी सशस्त्र फळी होती. तिचा प्रमुख आहमेत क्रास्निची सप्टेंबर १९९८ मध्ये तिरानात मारला गेला.

आणि चौथी, यशाचीच अडचण. मार्चआधी सेनेत काहीशे माणसं होती. प्रेकाझनंतर गावंच्या गावं आपणहून सेनेत आली, परदेशातून तरुण नोकऱ्या सोडून परतले. उन्हाळ्यात सेनेच्या ताब्यात कोसोव्होचा सुमारे ४० टक्के भाग असल्याचं सांगितलं जात होतं. पण ताबा म्हणजे रस्त्यावर नाका आणि खंदक. तोफा असलेल्या सैन्यासमोर खंदकात बसणं म्हणजे प्रेकाझचीच पुनरावृत्ती. जुलैत राहोवेत्स शहर घ्यायचा प्रयत्न अंगाशी आला, महिनाअखेरीला मालिशेवा गेलं, आणि सप्टेंबरपर्यंत लाखो गावकरी घरांबाहेर पडले होते, त्यातले हजारो रानात ताडपत्र्यांखाली. त्यानंतरच सात विभागांची नीट रचना आणि एक मुख्यालय आकाराला आलं. द्रेनित्सा हा त्यातला पहिला विभाग.

जुनी पानं

परराष्ट्राच्या बाजूने एक तारीख जोडतो. २३ फेब्रुवारी १९९८ ला अमेरिकेचे दूत रॉबर्ट गेलबार्ड यांनी प्रिश्तिनात मुक्ती सेनेला उघडपणे दहशतवादी गट म्हटलं. पाच दिवसांत लिकोशान, दहा दिवसांत प्रेकाझ. बेलग्रेडने त्या विधानाला परवानगी समजलं असं अनेक अभ्यासक मानतात. हा तर्क आहे, सिद्ध गोष्ट नव्हे, तसाच मांडा. प्रेकाझची छायाचित्रं बाहेर गेल्यावर मात्र वारं फिरलं. ९ मार्चला लंडनमध्ये अमेरिका, रशिया आणि युरोपातल्या मोठ्या देशांच्या संपर्क गटाची बैठक झाली, ३१ मार्चला सुरक्षा परिषदेचा ११६० क्रमांकाचा ठराव होऊन शस्त्रबंदी लागली. त्यापुढचं ठाऊक असेलच: जानेवारी १९९९ मध्ये राचाक गावातलं हत्याकांड, मग फ्रान्समध्ये रांबुये इथली फसलेली बोलणी, २४ मार्चपासून ७८ दिवस नाटोचे हवाई हल्ले, सुमारे साडेआठ लाख अल्बेनियन सीमेपार हाकलले गेले, जूनमध्ये कोसोव्होचा कारभार संयुक्त राष्ट्रांकडे देणारा १२४४ क्रमांकाचा ठराव.

मृतांचा आकडा देताना बेलग्रेड आणि प्रिश्तिनातल्या ह्युमॅनिटेरियन लॉ सेंटरची नावनिशीवार यादी वापरा. १९९८ ते २००० दरम्यान मृत आणि बेपत्ता मिळून १३,५३५. त्यात १०,८१२ अल्बेनियन, २,१९७ सर्ब, ५२६ रोमा, बोस्निअ‍ॅक आणि इतर. सर्ब आणि रोमांचे आकडे गाळू नका. जून १९९९ नंतर त्यांच्यावर जे झालं त्यात सेनेतल्या माणसांचाही हात होता. त्या आरोपांसाठी हेगमध्ये खास न्यायालय बसलं, तिथे हजर होण्यासाठी सेनेचे एक माजी नेते हाशिम थाची यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षपद सोडलं, आणि एप्रिल २०२३ मध्ये खटला उभा राहिला. याशारी १९९८ मध्येच गेला, त्यामुळे हे त्याच्या माथी मारता येत नाही. पण त्याच्या नावाच्या उजेडात हे झाकलं जाऊ नये.

भारताचा संबंध एका वाक्यात येईल: १७ फेब्रुवारी २००८ ला कोसोव्होने स्वातंत्र्य जाहीर केलं, त्याला भारताने मान्यता दिलेली नाही. म्हणून आपल्या पुस्तकांत ते बहुधा सर्बियाचा भाग म्हणून दिसतं. लेखात 'देश' लिहायचं की 'प्रदेश', हे आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा परिच्छेद असा बेतलाय, चुका सांगा:

"मुक्ती सेनेचा संस्थापक आदेम याशारी प्रेकाझच्या किल्ल्यात ५८ नातेवाइकांसह मारला गेला. आज प्रिश्तिनाच्या विमानतळाला त्याचं नाव आहे. २००८ च्या फेब्रुवारीत स्वातंत्र्याच्या रात्री त्याच्या चित्राखाली लिहिलं होतं: काका, तुमचं स्वप्न पूर्ण झालं."

सह्यकडा

'संस्थापकांपैकी एक' करा. 'किल्ला' काढा. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर तट-बुरूज उभे राहतील आणि तोफा लावणं रास्त वाटू लागेल. ते राहतं घर होतं. आजही भोकं पडलेल्या भिंती तशाच ठेवून भोवती परांचीची चौकट उभी केली आहे, समोर पांढऱ्या कबरींच्या रांगा आणि सैनिकांचा पहारा. ५ ते ७ मार्चला दरवर्षी तिथे लोक लोटतात. '५८ नातेवाइकांसह' चूक, वर लिहिलं आहे. विमानतळाला नाव २०१० मध्ये दिलं.

नकाशावाचक

घोषणेचं भाषांतर जास्त गोड झालंय. मूळ शब्द तीनच: 'बात्स, उ क्र्यु'. 'बात्स' हे घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाला, थोरल्या भावाला किंवा काकाला म्हणतात. 'उ क्र्यु' म्हणजे झालं, उरकलं, शेतावरून परतलेला माणूस काम संपल्याचं सांगतो तसं. त्यात स्वप्नही नाही आणि 'तुमचं'ही नाही. 'दादा, झालं' एवढंच लिहा.